मागचं डावं दार

रत्नप्रभाबाईंच्या जुन्या मारुती एट हंड्रेडचं मागच्या डाव्या दाराचं आतलं हँडल मोडलं, तेव्हा त्यांनी मोडका तुकडा कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि त्या आर्णीच्या बाजारात बबनरावांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेल्या. बबनरावांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला, स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं धूळ खाल्लेलं खोकं उतरवलं आणि विचारलं, "बसवून द्याले माणूस पाठवू काय मॅडम?"

"नको. घरीच बसवते."

यात कोणाला नवल वाटण्यासारखं नव्हतं. बाईंनी सगळी नोकरी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवण्यात काढली होती. घरातली इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटर यांचं दुखणंखुपणं त्याच बघायच्या. त्यांचे यजमान अनंतराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. पान्याशी त्यांचा संबंध तो शोधून देण्यापुरता. गाडीही बाईच चालवायच्या. अनंतराव शेजारी बसून पुढे गुरं दिसली की "गुरं" म्हणायचे.

त्यांचं घर आर्णीच्या टोकाला, यवतमाळच्या रस्त्याच्या अंगाला होतं. मागच्या कुंपणाला लागूनच भगवानरावांचं शेत सुरू व्हायचं. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावरून गेली होती. झाडं उंच, पानं दाट, आणि बोंडअळी कशालाच दाद देईना. म्हणून माणसं औषधात औषध मिसळून फवारत होती. पाठीवर पंप, तोंडाला फार तर दुपट्टा. फवारा मारायला नळी वर धरावी लागे आणि वर गेलेलं औषध फिरून तोंडावरच येई. पोळा होऊन गेला तशा विषबाधेच्या बातम्या यायला लागल्या. आज या गावचा एक, उद्या त्या गावचे दोघे.

एका दुपारी इंदुताई कुंपणाची तार वाकवून धावतच आल्या. भगवानरावांच्या या बायकोला रत्नप्रभाबाईंनी कधी धावताना पाहिलं नव्हतं. "मॅडम, आमच्या वावरात फवारणी करून राह्यला होता, तांड्यावरचा भावसिंग. खाली पडला. तोंडाले फेस हाये. गाडी काढता काय?"

बाईंनी गाडी काढली. भावसिंगला मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसवलं. शेजारी त्याची बायको जमनी त्याला धरून बसली. तिशीच्या आतबाहेरचा गडी, पण मान टिकत नव्हती. सगळी वाट त्याचं डोकं काचेवर आपटत राहिलं. गाडीत औषधाचा वास भरला, लसूण आणि रॉकेल एकत्र केल्यासारखा. बाईंनी पुढच्या काचा उतरवल्या, हॉर्नवरचा हात काढला नाही आणि यवतमाळच्या मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी गाडी उभी केली.

त्याच क्षणी त्यांनी आरशात पाहिलं. भावसिंगनं डोकं उचललं होतं. दवाखाना आला हे त्याला कळलं असावं. त्याचा हात दाराकडे गेला, चाचपडला, आणि कट् असा आवाज झाला. हँडल मोडून त्याच्या मांडीवर पडलं. दार उघडलंच नाही. बाई उतरून गाडीला वळसा घालून धावल्या आणि त्यांनी बाहेरून दार ओढलं. ते निमूट उघडलं. भावसिंग त्यांच्या अंगावर कलंडला. ते ओझं कसलं होतं हे त्यांच्या हातांना तेव्हाच समजलं.

नंतर डॉक्टर म्हणाले की दार लगेच उघडलं असतं तरी काही फरक पडला नसता. बाईंना ते पटलंही. पण परत येताना त्यांनी मनाशी एक ठरवलं. फवारणीचे दिवस अजून सरले नव्हते. या वस्तीत रोगी न्यायला दुसरी गाडी नव्हती. तेव्हा ते दार आतून उघडलंच पाहिजे.

तर बाई हँडल बसवायला बसल्या. शेडमध्ये गोणपाट अंथरलं, शेजारी स्क्रू ठेवायला वाटी. आधी काच वरखाली करायचा दांडा काढायचा. त्याच्या मागे एक तारेची क्लिप असते, ती दिसत नाही. फडक्याची पट्टी मागे घालून करवतीसारखी ओढली की क्लिप टपकन सुटते. मग हँडलभोवतीची प्लास्टिकची वाटी. मग दाराचं पॅड, चारी बाजूंनी हलक्या हातानं उचकटून. आत पत्र्याला चिकटवलेलं मेणकापड असतं, ते अर्धं सोललं की दाराचं पोट दिसतं आणि कुलपाकडे जाणारी लोखंडी सळई दिसते. सळईचं टोक नव्या हँडलच्या भोकात अडकवायचं, क्लिप दाबायची, स्क्रू आवळायचा. झालं.

अनंतराव शेजारी स्टूल घेऊन बसले होते. "जमलं?"

"बघा." बाई आत बसल्या, दार लावून घेतलं, बोटं हँडलच्या मागे घातली आणि आपल्याकडे ओढलं. दार उघडलं. त्यांनी ते पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. मग सीट निरम्यानं धुतली, काचेवर तेलकट डाग होता तो पुसला, आणि हात धुऊन कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीला निघाल्या तर हँडल मोडून सीटवर पडलेलं.

"डुप्लिकेट माल," अनंतराव म्हणाले. "बबनराव तरी काय करतील, वरूनच तसा येऊन राहिला आहे."

बाईंना वाटलं, असेल. पण नुसतं असेल म्हणून सोडून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दाराच्या कडेला लहान मुलांसाठीचं कुलूप असतं, ते लागलं की आतून दार उघडत नाही आणि माणूस जोर करतो. ते त्यांनी तपासलं. लागलेलं नव्हतं. सळईला ग्रीस दिलं, कुलपात तेल सोडलं. हँडल करंगळीनं ओढलं तरी दार उघडावं इतकं सगळं हलकं केलं. मग बबनरावांकडून दुसरं हँडल आणून बसवलं. रात्री गाडी शेडमध्ये, शेडला कुलूप, किल्ली उशाखाली.

सकाळी तेही मोडलेलं.

बाईंनी चहा घेतला आणि तिन्ही तुकडे उजेडात खिडकीत मांडले. भावसिंगच्या हातचा, नंतरचा, आणि आजचा. प्लास्टिक वाकवलं की ज्या बाजूला ताण बसतो ती बाजू पांढरी पडते. हे त्या वर्षानुवर्षं मुलांना फूटपट्टी वाकवून दाखवत आल्या होत्या. हँडल आपल्याकडे ओढताना मोडलं तर पांढरी रेघ मागच्या बाजूला, दाराच्या अंगाला पडायला हवी.

तिन्ही तुकड्यांवर रेघ पुढच्या बाजूला होती. बसणाऱ्याच्या अंगाला.

"ओढून मोडलेलं नाही हे," त्या म्हणाल्या. "ढकलून मोडलं आहे. तिन्ही वेळा."

अनंतरावांनी चष्मा लावून पाहिलं. मग चष्मा काढला. "पहिलं ठीक आहे. तो बिचारा शुद्धीवर नव्हता. पण पुढची दोन कोण ढकलेल? गाडी तर बंद होती."

"तेच बघायचं आहे."

"काहून बघायचं, रत्ना? सोडून दे. ते दार बांधून टाकू दोरीनं. नाहीतर गाडीच काढून टाकू."

"आणि उद्या कोणी कुंपणाशी येऊन उभं राहिलं तर?"

अनंतरावांनी हातातला तुकडा परत खिडकीत ठेवला.

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं, अनिकेतचं, छोटं वर्कशॉप होतं. त्याच्याकडून त्यांनी पोलादी हँडल घडवून घेतलं, बोटाएवढं जाड. "मॅडम, यानं दार उखडेल, हँडल मोडायचं नाही," तो हसत म्हणाला. बाईंनी ते घरी आणून त्याच गोणपाटावर बसून लावलं.

ते खरंच मोडलं नाही. दुसऱ्या सकाळी जागच्या जागी होतं, धड. बाई आनंदानं हात लावायला गेल्या तेव्हा त्यांना दिसलं, हँडलमागचा दाराचा आतला पत्रा बाहेरच्या दिशेनं फुगला होता. आत जेवढी सैल जागा होती तेवढं ते हँडल आत रेटलं गेलं होतं. पत्र्यावरचा रंग तडकून त्याच्या पापड्या सीटवर पडल्या होत्या. आणि गाडीत तो वास होता. लसूण, रॉकेल. सीट धुऊन उन्हात वाळवलेली होती, तरीही.

त्या दुपारी त्या ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. ऑक्टोबरचं ऊन. कुत्रीसुद्धा सावलीला पडलेली. शेडमधून आवाज आला.

टक्.

धातूवर धातू दाबल्यासारखा. मग बराच वेळ काही नाही, एखादा थकलेला माणूस मधे दम खातो तेवढा वेळ. मग पुन्हा टक्.

बाईंनी सूप खाली ठेवलं. अनंतराव आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे होते. त्यांनीही ऐकलं होतं. आवाज चालूच राहिला, घाई नाही, राग नाही. दार उघडत नाही म्हणून माणूस जसा पुन्हा पुन्हा करून पाहतो, तसा.

बाई उठल्या, पायात चप्पल घातली आणि भगवानरावांच्या बांधावरून तांड्याकडे चालू लागल्या.

जमनी घरापुढे सरपण फोडत होती. तिनं बाईंना बसायला बाज दिली, पाणी दिलं. बाईंनी सरळच विचारलं. "जमनी, भावसिंग आधी कधी कारमध्ये बसला होता का गं?"

"नाई बाई. तुमच्याच गाडीत पयल्यांदा." जमनीनं कुऱ्हाड खाली ठेवली. "टॅक्टरवर बसे. काळीपिवळी जीपमध्ये बसे, पण तिच्यात मांगून उभा राहे लटकून. दार कायचं असते तिले?"

"आणि घरचं दार?"

जमनीला प्रश्न विचित्र वाटला असावा, पण तिनं मागे वळून झोपडीचं फळ्यांचं दार दाखवलं. "हे काय. भायेर ढकललं का उघडते. त्याले सवयच होती. दोन्ही हात भरलेले राहे, तर खांद्यानं ढकले." ती थोडा वेळ दाराकडेच पाहत राहिली. मग म्हणाली, "गाडीत तो माह्या कानाशी बोलला, बाई. म्हणे, मले खाली उतरू दे."

बाई परतल्या त्या वाटेतच सगळं ठरवून. अनंतरावांना त्या बांधावरून येताना दिसल्या तेव्हा त्यांची चाल पाहूनच ते म्हणाले, "मी येऊ का सोबत?"

"शेडच्या दाराशी उभे राहा. मधे बोलू नका."

बाई गाडीच्या मागच्या सीटवर उजव्या बाजूनं शिरल्या आणि मधोमध बसल्या. दारं लावून घेतली. काचा खाली होत्या, तरी आत भट्टी. डावीकडची जागा रिकामी होती. सीटचं कव्हर मात्र तिथे दबलेलं होतं, जसं कोणी आत्ताच उठून गेल्यावर दिसतं. फक्त ते फुगून वर येत नव्हतं.

त्यांनी डावीकडे वळून उजवा हात लांब करून पोलादी हँडलवर तळवा टेकवला. नुसता टेकवला.

बाहेर कुठेतरी कावळा ओरडला. कपाळावरून घाम भुवईत उतरला. काही झालं नाही. त्यांना वाटलं, सळईत काही अडकत असेल, ऊन लागून पत्रा ताणत असेल, आणि आपण इथे...

तळव्याखाली हँडल आत गेलं.

झटका नव्हता. हळूहळू वाढत जाणारा दाब होता, दाराकडे, बाहेरच्या दिशेनं. त्यांच्या हाताखाली कोणाचा हात नव्हता. पण पोलाद थंड होतं, त्या भट्टीतसुद्धा. आणि ओलं.

दाब थांबला. पुन्हा आला.

बाईंना पळून जावंसं वाटलं. त्यांचा डावा हात मागे उजव्या दाराच्या हँडलपर्यंत गेलाही. मग त्यांनी तो परत मांडीवर आणला. वर्गात कितीतरी मुलं अशी असतात, जी चुकीचंच पुन्हा पुन्हा करत राहतात. कारण त्यांना बरोबर काय ते कोणी दाखवलेलंच नसतं.

"भावसिंग," त्या म्हणाल्या. "असं नाही रे. हे दार ढकलून उघडत नाही."

दाब थांबला.

"हे बघ. बोटं मागून घालायची. अशी. आणि आपल्याकडे ओढायचं." त्यांनी ओढलं. दार उघडलं. बाहेरचं ऊन पायाशी पडलं. "ओढलं की कुलूप सुटतं. मग दार हातानं लोटायचं. आधी ओढायचं, मग लोटायचं."

त्यांनी दार लावलं. पुन्हा एकदा करून दाखवलं, तितकंच सावकाश, प्रॅक्टिकलच्या वेळी दाखवायच्या तसं. परत लावलं.

मग हात काढून घेतला.

"आता तू."

शेडच्या दाराशी अनंतराव खांब धरून उभे होते.

माशीचा आवाज.

हँडल हललं. आत गेलं, दाराकडे.

"नाही," बाई म्हणाल्या. "आपल्याकडे."

हँडल थांबलं. परत जागेवर आलं.

मग त्याचं टोक बाईंच्या बाजूला उचललं गेलं, केसभर. पडलं.

"हं. बरोबर. अजून."

पुन्हा उचललं गेलं. या वेळी पडलं नाही.

"ओढ."

कुलूप सुटलं. खट्.

"आता लोट."

दार उघडलं. आधी हातभर. मग पूर्ण, अगदी शेवटच्या ठिकाणी जाऊन थांबेपर्यंत.

बाईंच्या शेजारचं सीटचं कव्हर हळूहळू फुगत वर आलं.

त्या तशाच बसून राहिल्या, दोन्ही हात मांडीवर. वास विरत गेला. शेवटी अनंतराव पुढे आले आणि उघड्या दारातून वाकून त्यांनी विचारलं, "दार कोणी उघडलं, रत्ना?"

"आतून उघडलं," बाई म्हणाल्या. आणि मग त्यांना हुंदका आला.

त्यानंतर शेडमधून आवाज आला नाही. बाईंनी फुगलेला पत्रा लाकडी हातोडीनं दाराच्या पोटातून ठोकून बसवला, पॅड लावलं. हँडल रोज सकाळी जागेवर असायचं. अनंतराव पुन्हा शेजारी बसून "गुरं" म्हणायला लागले.

भावसिंग गेल्यापासून भगवानरावांच्या वावरात फवारणीला कोणी यायला तयार नव्हतं. खरं तर त्यांनीच कोणाला बोलावलं नव्हतं. "आता दुसऱ्याच्या लेकराले नाही लावणार," ते म्हणाले होते. वावराचा उरलेला तुकडा त्यांनी एकट्यानं फवारायला घेतला. आणि एका सकाळी कुंपणाची तार पुन्हा वाकली.

"मॅडम," इंदुताई या वेळी धावत नव्हत्या. त्यांना धावता येत नव्हतं. "आमच्या यांयले घेरी आली. डोये पांढरे करून राह्यले."

बाईंनी किल्ली घेतली. भगवानराव डाव्या बाजूला, इंदुताई त्यांचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरून. तोच रस्ता. बाईंनी आरशात पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पुढे ट्रॅक्टर, मेंढ्या, पुलावर खडीचा ट्रक. त्या सगळ्यातून वाट काढत गेल्या. "इंदुताई, बोलत राहा त्यांच्याशी," एवढंच सांगत राहिल्या. इंदुताई बोलत राहिल्या. म्हशीबद्दल, मुलीच्या गावाबद्दल, काहीही.

फाटकाशी त्यांनी ब्रेक दाबला. गाडी अजून पुरती थांबलीही नव्हती. मागे खट् असा आवाज झाला आणि डावं दार सताड उघडलं. समोर स्ट्रेचर घेऊन दोघं जण उभे होते. त्यांनी सरळ हात घालून भगवानरावांना उचललं. एक क्षणसुद्धा वाया गेला नाही.

बाईंनी वळून पाहिलं. इंदुताईंचे दोन्ही हात अजून तसेच होते, डोकं धरलेले, मधे आता काही नसलेले.

भगवानराव वाचले. बरेच दिवस लागले, पण वाचले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

सुट्टी मिळाली त्या दिवशी त्यांना आणायला बाईच गेल्या. अनंतरावांना ताप होता, म्हणून एकट्याच. दुपारची वेळ. भगवानराव निम्मे झाले होते. एका हातानं भिंत धरून चालत होते. कागदपत्रं मिळेपर्यंत बाई आणि इंदुताई आवारातल्या कडुलिंबाखाली उभ्या राहिल्या.

"आमच्या आजूबाजूच्या खाटा पाहता पाहता खाली झाल्या, मॅडम," इंदुताई म्हणाल्या. "एक ढाणकीचा होता. एक वणीकडचा. एक तांड्यावरच्या उत्तमसिंगचा पुतण्या, मिसरूड फुटलं नव्हतं त्याले नीट. सारे फवारणीवालेच. सारे शेवटी एकच बोलत. मले घरी नेऊन सोडा." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "कायचे घरी जातात? बोलता बोलताच गेले."

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

भगवानरावांना पुढे बसवलं. पट्टा लावेपर्यंत त्यांचा डोळा लागला. इंदुताई कपड्यांचं गाठोडं घेऊन मागे बसल्या, ऐसपैस, मधोमध. गाठोडं शेजारी टेकवलं. गाडी फाटकापर्यंत आली. बाहेर रस्त्यावर एसटी आडवी आली होती, म्हणून बाईंना थांबावं लागलं. पाय ब्रेकवर, इंजिन चालू.

मागे खट् झालं.

बाईंनी मान वळवली. पोलादी हँडल आपल्या बाजूला ओढलेलं होतं, नीट, बोटं मागून घालून ओढल्यावर राहतं तसं. दार उघडलं. बाहेर फाटकाजवळ कोणीही नव्हतं. ऊन होतं, आणि पाचोळा. थोड्या वेळानं दार आपोआप लागलं, आपटलं नाही.

पुन्हा खट्. पुन्हा उघडलं. पुन्हा लागलं.

गाडी मागून किंचित खाली बसली. त्यांना ते सीटमधून जाणवलं.

अजून एकदा.

एसटी निघून गेली. रस्ता मोकळा होता. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. बाईंचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. त्यांनी आरशात पाहिलं. इंदुताई केव्हाच उजव्या दाराला सरकल्या होत्या. गाठोडं मांडीवर घेतलं होतं, गुडघे जवळ घेतले होते, बाजाराच्या दिवशी भरल्या गाडीत बाया बसतात तशा. पदराचं टोक त्यांनी हलकेच ओढून घेतलं, कोणाच्या तरी खाली आल्यासारखं.

"इंदुताई," बाई हळूच म्हणाल्या, "दार लागलं का नीट?"

इंदुताईंनी डावीकडे पाहिलं, जरा वेळ.

"लागलं," त्या म्हणाल्या. "चाला आता, मॅडम. सारे बसले."